गोंदिया जिल्ह्यातील नैसर्गिक आपत्ती व कौटुंबिक पूर्वसिद्धता

पूर, वीज, वणवा, उष्णतेची लाट इत्यादींपासून होणारी जीवित व वित्तहानी टाळण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी कुटुंबाने ऋतुमानानुसार आधीच करून ठेवावयाची व्यवस्था म्हणजे कौटुंबिक पूर्वसिद्धता होय. महाराष्ट्राच्या ईशान्य टोकावरील गोंदिया जिल्ह्यात तिला विशेष महत्त्व आहे. मोठे पूर सोडल्यास येथील बहुतेक आपत्ती एका वेळी एका घरावर किंवा एका शेतावर कोसळतात. त्यांची सूचना क्वचितच वेळेवर मिळते आणि पहिल्या तासात उपाय करणे बहुधा कुटुंबाच्याच हाती असते.

भौगोलिक पार्श्वभूमी : १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वैनगंगा नदीच्या खोऱ्यात असून बाघ ही तिची येथील महत्त्वाची उपनदी आहे. भातशेती, तलाव व बोड्या आणि पानझडी वने ही त्याची वैशिष्ट्ये होत. सालेकसा तालुक्यात, मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांच्या सीमांजवळ दरेकसा परिसरातील डोंगरात कचारगड हे गोंड समाजाचे पवित्र गुहास्थान आहे. तेथे माघ पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. या परिसरातील वस्ती लहानलहान टोल्यांत विखुरलेली असून अनेक वाटा नाले ओलांडून जातात. त्यामुळे अंतर थोडे असले, तरी पावसाळ्यात रुग्णालय दूर पडते.

पूर : येथे पुराचे दोन प्रकार संभवतात. डोंगराळ भागातील नाले मुसळधार पावसानंतर थोड्याच वेळात भरतात आणि तितक्याच लवकर ओसरतात. उलट, वैनगंगेचा पूर दुरून येतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात झालेल्या अतिवृष्टीमुळे व शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्यामुळे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांना तडाखा बसला. म्हणून नदीकाठच्या कुटुंबाने आपल्या गावच्या पावसावर विसंबून न राहता वरच्या अंगाच्या धरणांतील विसर्गाची सूचना ऐकावी. बाघ प्रकल्पातील सिरपूर, पुजारीटोला व कालीसरार या धरणांखालील गावांनाही हे लागू पडते. नाल्याकाठी राहणाऱ्यांना मात्र सूचनेची वाट पाहण्याइतका अवधी नसतो. रपट्यावरून पाणी वाहत असताना तो न ओलांडणे, हाच तेथे खरा उपाय होय. कारण गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की खचला आहे, हे दिसत नाही आणि गुडघाभर वेगवान पाण्यातही माणसाचा तोल जातो. बियाणे व धान्य उंच ठेवणे, गुरांची दावी सोडणे आणि रात्री कोणत्या उंच जागी जावयाचे हे आधी ठरविणे, या गोष्टी मृग नक्षत्रापूर्वी उरकाव्यात.

वीज : पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस मेघगर्जनेसह पाऊस अधिक होतो. धानाच्या रोवणीच्या काळात माणसे पाण्याने भरलेल्या मोकळ्या बांधीत दिवसभर वाकून काम करतात आणि पाऊस आला की बांधावरील झाडाखाली जमतात. हा आसरा घातक ठरतो. झाडावर पडलेली वीज खोडावरून जवळच्या माणसाकडे उडी घेते, तसेच जमिनीतूनही पसरते. दोन पावलांखालील जमिनीच्या विद्युत् दाबात फरक पडल्याने प्रवाह शरीरातून जातो. पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने गुरांना हा धोका अधिक असतो. चमक व गडगडाट यांतील दर तीन सेकंदांमागे वीज सु. एक किमी. दूर आहे, असे समजावे. हे अंतर तीस सेकंदांहून कमी झाल्यास काम थांबवून पक्क्या घराचा किंवा धातूच्या छताच्या बंद वाहनाचा आश्रय घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ या भ्रमणध्वनी उपयोजनाद्वारे विजेची पूर्वसूचना मिळते. परंतु जंगलपट्ट्यात संपर्क तुटत असल्याने आकाशाकडे लक्ष ठेवणारी एक व्यक्ती रोवणीच्या चमूत असणे इष्ट ठरते. वीज पडलेल्या माणसाच्या शरीरात विद्युत् भार उरत नाही. त्यास ताबडतोब स्पर्श करून, श्वास व नाडी बंद असल्यास छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी.

सर्पदंश : सर्पदंश ही नेहमीच्या अर्थाने आपत्ती नसली, तरी पावसाने बिळे भरल्यावर साप घरात शिरत असल्याने पूर्वसिद्धतेत त्याचा विचार करणे आवश्यक असते. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिच्या दंशाची वेदना व सूज अल्प असल्याने दंश लक्षात येत नाही. पोटदुखी, पापण्या जड होणे व पुढे श्वास मंदावणे ही लक्षणे दिसू लागतात. खाटेवर, कडा खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणे हा स्वस्त व प्रभावी उपाय असून त्याने हिवतापही टळतो. दंश झाल्यास चिरा देणे, आवळून बांधणे वा झाडफुंक यांत वेळ न दवडता, रोग्यास हालचाल करू न देता रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर बहुगुणी प्रतिविष उपयोगी पडते.

वणवा व उष्णता : उन्हाळ्यात मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालील पाचोळा जाळला जातो आणि ही आग वणव्याचे एक कारण ठरते. एप्रिल २०२१ मध्ये नागझिरा वनातील वणवा विझविताना तीन वनमजुरांचा मृत्यू झाला. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून काढणे किंवा झाडाखाली जाळे अंथरणे सुरक्षित असते. वेचणी व तेंदूपाने तोडणी पहाटे उरकून दुपारी सावलीत राहिल्यास उष्माघातही टळतो.

घरातील व्यवस्था : विजेरी, प्यावयाचे पाणी, जलसंजीवनीची पाकिटे, नेहमीची औषधे, सुके खाद्य व दोर हे साहित्य एका ठिकाणी ठेवावे. शिधापत्रिका, सातबारा उतारा, बँकेचे पुस्तक व आधारपत्र जलरोधक पिशवीत असावे. १०८ (रुग्णवाहिका) व १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष) हे क्रमांक भिंतीवर लिहावेत. गरोदर स्त्री, अपंग व वृद्ध यांना पावसाळ्यात कोण, कोणत्या वाटेने व कोणत्या वाहनाने नेणार, हे शेजाऱ्यांशी मिळून ठरवावे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा पातळीवर प्राधिकरण स्थापन झाले आहे. तथापि त्याची मदत पोहोचेपर्यंतचा काळ घरानेच निभावावयाचा असतो. मृत्यू ओढवल्यास शासकीय साहाय्यासाठी पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागत असल्याने, अंत्यविधीपूर्वी पोलीस पाटलास कळविणे आवश्यक असते.