पाव शिळाच हवा!

दोघंही नोकरी करणाऱ्या घरात ब्रेडचं पाकीट सहसा पूर्ण संपत नाही. शेवटचे चार-पाच तुकडे फ्रीजमध्ये कडक होतात आणि आठवड्याने कचऱ्यात जातात. पोळी उरली तर आपण फोडणीची पोळी करतो किंवा गूळ-तूप घालून लाडू वळतो. शिळ्या पावाचं काय करायचं, हे मात्र पटकन सुचत नाही.

हंगेरीतल्या घरांना ते चांगलं ठाऊक आहे. 'माकोश गुबा' हा तिथला जुना गोड पदार्थ शिळ्या पावाचाच करतात, आणि तोही नाताळच्या आदल्या संध्याकाळी. 'माक' म्हणजे खसखस. 'किफ्ली' नावाच्या चंद्रकोरीसारख्या पावाच्या चकत्या गरम दुधात भिजवायच्या आणि त्यात कुटलेली खसखस, साखर आणि मध घालायचा, एवढाच हा पदार्थ. खसखशीचे असंख्य दाणे म्हणजे घरात भरभराट, अशी तिकडची समजूत असल्यामुळे सणाला त्याचा मान.

आपल्याला खसखस काही नवी नाही. अनारसे तिच्यावर थापतात आणि करंजीच्या सारणातही ती असतेच. फरक रंगाचा आहे : तिकडची निळसर करडी, आपली पांढरी. माळव्यात नीमच-मंदसौरकडे खसखशीचं पीक परवान्यावर घेतात, कारण त्याच बोंडांतून अफू निघते. हे काम पाहणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरातच आहे.

आता मुख्य प्रश्न : पाव शिळाच का? ताजा पाव गरम दुधात टाकला की त्याचा लगदा होतो. शिळा पाव दूध पितो, पण आकार सोडत नाही. पाव शिळा होतो म्हणजे नुसता वाळतो, असं आपल्याला वाटतं. पण १८५२ साली बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं, की पाणी उडू न देताही पाव शिळा होतो. भाजताना मऊ झालेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रचला जातो, हे त्याचं मोठं कारण. फ्रीजच्या थंडीत ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणून पाव एक-दोन दिवस बाहेर ठेवा, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये. शिळा पाव गरम केला की पुन्हा मऊ होतो, तोही याच कारणाने.

चौघांसाठी साहित्य : शिळा पाव २५० ग्रॅम, दूध अर्धा लिटर, खसखस १०० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, एका लिंबाची किसलेली साल, मध २ चमचे, थोडं लोणी, व्हॅनिला.

कृती : खसखस आणि पिठीसाखर मिक्सरमध्ये थांबत थांबत कोरडी फिरवा. सलग फिरवली तर तेल सुटून गोळा होतो. त्यात लिंबाची साल मिसळा. पावाच्या बोटभर जाड चकत्या करा. दूध व्हॅनिला घालून गरम करा आणि चकत्यांवर थोडं थोडं ओता. चकत्या ओल्या व्हाव्यात, पोहू नयेत. पाव फार कडक नसेल तर थोडं दूध उरेल. लोणी लावलेल्या भांड्यात चकत्यांचा एक थर आणि खसखशीचा एक थर, असे थर लावा. १८० अंशांवर १५ ते २० मिनिटं भाजा आणि वरून मध घाला. ओव्हन नसेल तर सगळं गरमागरम एकत्र करून लगेच वाढा. जुनी पद्धत तशीच आहे. या कृतीत अंडं लागत नाही.

गोव्यातल्या मंडळींनी पोदेराचे कडक उंडे वापरावेत, ते यासाठी उत्तम. इतरांनी लादी पावाच्या चकत्या आधी ओव्हनमध्ये किंवा तव्यावर मंद आचेवर वाळवून घ्याव्यात.

एक काळजी मात्र घ्या. शिळा पाव वेगळा आणि बुरशी आलेला वेगळा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तो पाव टाकूनच द्या. तेवढाच भाग कापून भागत नाही.

हंगेरीत २० ऑगस्टच्या राष्ट्रीय सणाला नव्या गव्हाचा पाव समारंभाने कापतात. नव्या पावाचा असा सोहळा करणारी माणसं डिसेंबरात शिळा पावही तितक्याच मानाने सणाच्या ताटात वाढतात. आपल्याकडे 'शिळं' म्हटलं की मुलं नाक मुरडतात. त्यांना आधी गुबा खायला द्या, आणि तो कशाचा आहे ते नंतर सांगा!