निसटते चित्र पकडावे कसे?

श्रोतेहो, समजा लातूरच्या एखाद्या शाळेत संगणकावर बैलगाडीचे चलच्चित्र चालले आहे. मधेच चाक दिसेनासे होते. “गुरुजी, चाक गेलं की हो!” गुरुजी पाहतात तो चाक जागेवर! पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात; त्यांतले बिघडलेले एक डोळ्याला कसे सापडावे?

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची चित्रे थोड्या थोड्या अंतराने टिपली, तेव्हा महिन्याची वाढ मिनिटभरात दिसली. तिथे काळ आवळला. इथे तो थांबवायचा.

हे काम संगणकच करतो. मात्र सगळीच चित्रे साठवू नयेत. मोठ्या पडद्याचे एक चित्र सुमारे ६ मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला २२ गिगाबाइट! म्हणून प्रत्येक चित्र बिनचूक नमुन्याशी आपोआप ताडायचे. फरक पडला तेवढेच ठेवायचे, ते काढण्याच्या आज्ञांसकट. मग ‘रेंडरडॉक’सारख्या साधनात एकेक आज्ञा तपासायची: आधी रस्ता, मग गाडी, मग चाक. चाक रस्त्याखाली दडले, ती आज्ञा चुकलेली!

गुरुजनहो, गणिताचेही तसेच. नुसते उत्तर खोडू नका, पायरी शोधा.