कुंडीतली ब्राह्मी नेमकी कोणती?

रोपवाटिकेत ब्राह्मी मागितली की दोनपैकी कोणतंही रोप हाती येऊ शकतं: नीरब्राह्मी किंवा मंडूकपर्णी. दोन्ही जमिनीलगत पसरतात आणि ओल असेल तर बारा महिने हिरव्या राहतात. कुळं मात्र वेगळी, गुणही वेगळे. म्हणून औषधाआधी ओळख.

आधी आपण पान पाहू. ते बोटाच्या पेराहून लहान, जाडसर, जवळजवळ बिनदेठाचं आणि खोडावर समोरासमोर जोडीने आलेलं असेल, तर ती नीरब्राह्मी. गोलसर, कडेला कातरलेलं, लांब देठावरचं पान मंडूकपर्णीचं.

खरी फसगत पुढे होते. मंडूकपर्णीचा देठ पानाच्या खाचेत जोडलेला असतो. तो छत्रीच्या दांड्यासारखा पानाच्या मधोमध असेल, तर ते शोभेचं दुसरंच रोप. ते खाऊ नये. मंडूकपर्णीसारखीच पानं असलेल्या उंदीरकानी या रोपाला पिवळी फुलं येतात. शंका असेल तर फुलापर्यंत थांबावं: नीरब्राह्मीचं फूल पांढरं किंवा फिकट जांभळट, पानाच्या बगलेत एकेकटं येतं. मंडूकपर्णीची बारीक फुलं देठांच्या तळाशी लपलेली असतात.

लावणी सोपी. पेरं (खोडावर पान फुटतं त्या गाठी) असलेला तुकडा ओल्या मातीवर आडवा दाबला की पेरांतून मुळं फुटतात.

आता उपयोग. नीरब्राह्मी स्मरणशक्तीसाठी घेतात. तिच्यातल्या बॅकोसाइड या घटकांवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत बरंच काम झालं आहे. माणसांवरच्या चाचण्यांत फरक दिसला तो साधारण 12 आठवडे नियमित प्रमाणित अर्क घेतल्यावर, तोही माफक. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना रस पाजून काही साधत नाही; उपाशीपोटी दिला तर मळमळ आणि जुलाब मात्र होऊ शकतात.

मंडूकपर्णीचा भर त्वचेवर. तिचा अर्क व्रण आणि जखमांवरच्या मलमांत वापरतात. पण घरी वाटलेला पाला उघड्या जखमेवर लावू नये, मातीतले जंतू आत जातात. पोटात दीर्घकाळ घेतल्यास क्वचित यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. गर्भवतींनी, तसंच झोपेची, थायरॉइडची किंवा हृदयाची औषधं चालू असलेल्यांनी यांतलं काहीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

आणि गटाराकाठची ब्राह्मी कितीही तजेलदार दिसली तरी खुडू नये. नीरब्राह्मी पाण्यातलं शिसं, कॅडमियम शोषून घेते, आणि ते धुतल्याने जात नाही.