कालव्याकाठचे मद्यगृह

रस्त्याकडेच्या मद्यगृहाचे नाव काढले की आपल्या घरच्या माउलीच्या कपाळाला आठी पडते, आणि ती उगीच पडत नाही. गोव्यात ज्याला तावेर्न म्हणतात आणि घाटावर ज्याला गुत्ता म्हणतात, त्याने किती संसार धुळीस मिळविले हे आम्ही सांगावयास नको. तथापि फ्रान्सच्या खेड्यातील ‘काफे’ ही थोडी निराळी संस्था आहे. तेथे द्राक्षमद्याप्रमाणे कॉफीही मिळते, मिस्सा आटोपून मंडळी तेथे घटकाभर टेकतात, आणि बहुधा दुकान व मालकाचे बिऱ्हाड एकाच छपराखाली असते. दुसऱ्या महायुद्धात अशा एका काफेवर काय प्रसंग गुदरला, ते आज वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

नॉर्मंडी प्रांतात काँ शहरापासून समुद्राला मिळणारा एक कालवा आहे. बेनुव्हिल गावापाशी त्यावर उचलता येणारा लोखंडी पूल होता. पुलाच्या पश्चिम टोकाला, अगदी रस्त्याला लागून, झॉर्झ गोंद्रे व त्यांची पत्नी तेरेझ यांचे काफे होते. १९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा येत आहेत असे कळताच गोंद्रे यांनी शॅम्पेनच्या ९८ बाटल्या परसात पुरून टाकल्या. त्यानंतर चार वर्षे त्या मातीखालीच राहिल्या.

पुलावर जर्मन पहारा बसला, आणि पहारेकरी गिऱ्हाईक म्हणून काफेत येऊ लागले. दुकानदाराची पंचाईत येथेच असते. दार लावून घ्यावे तर पोटाचे काय, शिवाय संशय यायचा तो निराळाच. उघडे ठेवावे तर शत्रूला आपल्या हाताने प्याला भरून द्यावा लागतो. गोंद्रे दांपत्याने दार उघडे ठेवले आणि कानही उघडे ठेवले. तेरेझबाई अल्सास प्रांताच्या. तो प्रांत १८७१ पासून १९१८ पर्यंत जर्मनीच्या ताब्यात असल्यामुळे जर्मन भाषा त्यांना उत्तम समजे. पण त्यांनी हे शिपायांना कधी कळू दिले नाही. मद्याच्या भरात शिपाई जे बोलत, ते त्या यजमानांना सांगत. यजमान ते मादाम व्हियों यांच्या कानी घालीत. या मादाम गावच्या प्रसूतिगृहाच्या प्रमुख होत्या. औषधे आणण्याच्या निमित्ताने त्यांना काँ येथे जाता येई, आणि तेथून गुप्त संघटनेमार्फत बातमी इंग्लंडला पोहोचे. पूल उडविण्याची कळ कोणत्या खंदकात आहे, हेही याच वाटेने कळले. एखादा शब्द चुकून निसटता तर नवराबायको भिंतीपाशी उभी राहिली असती, आणि घरातल्या चिमुकल्या मुली पोरक्या झाल्या असत्या.

तेरेझबाई नासलेल्या खरबुजांचे व अर्धवट आंबलेल्या साखरेचे काहीतरी भयंकर पेय करून शिपायांना विकीत, असेही सांगतात. आमच्या मते हा लढा काही कमी महत्त्वाचा नव्हता!

१९४४ च्या ६ जूनला, मध्यरात्र उलटून सोळा मिनिटे होतात तोच, इंजिन नसलेली लाकडी विमाने पुलापलीकडच्या शेतात उतरली. त्यांना ग्लायडर म्हणतात. मेजर जॉन हॉवर्ड यांच्या तुकडीतील इंग्रज सैनिकांनी दहा-पंधरा मिनिटांत पूल घेतला. झॉर्झ यांनी बायकामुलांना तळघरात नेले. बाहेर कोण आहे, काही कळेना. पहाटे परसात कोणीतरी खणू लागले, आणि त्या आवाजात त्यांना एक इंग्रजी शब्द ऐकू आला. तरुणपणी पॅरिसमध्ये एका इंग्रजी बँकेत त्यांनी बारा वर्षे कारकुनी केली होती. ती आज कामी आली.

दार उघडले. काजळी फासलेल्या त्या शिपायांना तेरेझबाईंनी रडत रडत जवळ घेतले, त्यांचे मुके घेतले, आणि आपल्या गालांना लागलेली काजळी कित्येक दिवस धुतली नाही. झॉर्झ कुदळ घेऊन परसात गेले. काफेत तोवर जखमींवर उपचार सुरू झाले होते. शॅम्पेन निघाल्याचे कळताच धडधाकट शिपायांनाही एकाएकी बरे वाटेनासे झाले, अशी गंमत पुढे हॉवर्ड सांगत.

पण त्या रात्रीची सारी कथा हसण्याची नाही. पूल ओलांडण्यात सर्वांच्या पुढे होते लेफ्टनंट डेन ब्रदरिज. काफेच्या बाजूला पोहोचतात न पोहोचतात तोच त्यांच्या मानेत गोळी शिरली, आणि ते गेले. त्यांची पत्नी इंग्लंडात गरोदर होती. काही दिवसांनी तिला मुलगी झाली. पित्याची कबर पलीकडच्या रांव्हिल गावच्या चर्चच्या आवारात आहे.

फ्रान्समध्ये मुक्त झालेले पहिले घर असा या काफेचा लौकिक आहे. ‘पहिले’ या शब्दावरून वाद घालणारे आहेतच. आम्ही त्यात पडत नाही. सैनिकांच्या बाहीवर पंख असलेल्या घोड्याचे चिन्ह होते, म्हणून पुलाला पेगासस हे नाव पडले. युद्धानंतर दरवर्षी जूनमध्ये ते वृद्ध सैनिक येत, आणि तेरेझबाई त्यांना मुलांसारखे उराशी धरीत. त्यांच्यामागे कन्येने काफे चालविले. १९८७ मध्ये फ्रेंच सरकारने ही वास्तू ऐतिहासिक स्मारकांच्या यादीत घातली. जुना पूल १९९० नंतर काढण्यात आला व त्याच्या जागी त्याच्याच धर्तीचा नवा बांधला. जुना आता जवळच्या संग्रहालयात हिरवळीवर ठेवला आहे.