गँगवेच्या अलीकडे

पहाटे ५.१०
लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दिवा लागतो. रात्रभर पाऊस होता, आत्ता उघडलाय. दादा चपला घालून जिना उतरतो, मी मागोमाग. तो बोटीवर एबी आहे, म्हणजे डेकवरचा मुरलेला खलाशी. वय बेचाळीस, नोकरी एकोणीस वर्षांची. आज रात्री विमान, उद्या सिंगापूर, तिथे बोट. मग नऊ महिने.

घरी असला की तो रोज चालतो. भारतमाता सिनेमापासून परळ, तिथून दादरचं फूलमार्केट आणि परत. "पोट कमी करायला नाही रे," तो म्हणतो. "बोटीवर पण चालतो. डेकला गोल फेरे. पण समोरून नवीन माणूस कधी येत नाही." दादरला तो वहिनींसाठी वीस रुपयांचा गजरा घेतो. फुलवाल्याशी उगाच पाच मिनिटं बोलतो.

७.३०
खाटेवर फाइल उघडलेली. पासपोर्ट. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, दहा वर्षं चालतं. यलो फीव्हरचं पिवळं कार्ड. आग विझवण्यापासून लाइफबोट उतरवण्यापर्यंतची सर्टिफिकिटं. अमेरिकेचा सी-वन-डी व्हिसा, त्याची फी १८५ डॉलर, ती कंपनीने भरली. आणि एक बायोमेट्रिक ओळखपत्र. चेहऱ्याची नोंद असलेलं हे कार्ड भारताने २०२० साली काढलं, जगात पहिल्यांदा.

ओळखपत्रावर खलाशाला किनाऱ्यावर उतरू द्यावं, हे जिनिव्हात १९५८ साली ठरलं. त्यासाठी व्हिसा मागू नये, हे २००३ साली ठरलं. भारताने २०१५ साली ते मान्य केलं. अमेरिकेने अजून केलेलं नाही. दादाला ही सालं माहीत नाहीत. त्याला एवढंच माहीत की फाइल दर वर्षी जाड होते. सगळी कागदपत्रं तो दोनदा मोजतो. आई म्हणते, "अरे, लग्नाच्या पत्रिका तरी एवढ्या मोजल्या होत्यास काय?"

९.१५
मिरची गल्ली. डंकाचा दणका पायातून वर येतो. बेडगी, संकेश्वरी, धणे, दगडफूल. दोन किलो मालवणी मसाला, सामान आणि कुटणावळ धरून अठराशे साठ रुपये. डंकावरचा माणूस तोंडाला फडकं बांधून उभा आहे, भुवया लाल झालेल्या. दादाचा बोटीवरचा कुक फिलिपिनो. "चांगला माणूस. पण त्याच्या हातचं सगळं गोड लागतं." मसाला तीन पिशव्यांत बांधून घेतला जातो. फुटला तर कपडे नऊ महिने शिंकायला लावतील.

१०.२०
करी रोड स्टेशन. तिकीट पाच रुपये. सीएसएमटीला उतरून जीपीओवरून बॅलार्ड इस्टेटला पायीच. टॅक्सीला तो हात करत नाही.

११.००
कंपनीचं ऑफिस. लिफ्टसमोर रांग, हातात फायली, सगळ्यांचे केस नुकतेच कापलेले. डॉक्टरांचा शिक्का तपासला जातो. मग करारावर सह्या, पानोपानी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एबीचं किमान मूळ वेतन ठरवलेलं असतं, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६९० डॉलर. ओव्हरटाइम, रजेचे पैसे वगैरे त्यावर. दादाचा आकडा या मूळ वेतनाच्या दुपटीच्या आसपास बसतो. घरी बसला की शून्य. मागचे चार महिने शून्यच होतं.

सही करताना त्याचा हात दिसतो. तळव्याला दोराचे घट्टे, उजव्या अंगठ्याचं नख चिपिंग हॅमरने कायमचं काळं केलेलं. गंज ठोकून काढायचा, वायर ब्रश मारायचा, प्रायमर, मग रंग. बोटीच्या एका टोकाला रंग संपतो तोवर दुसरीकडे गंज फुटलेला असतो.

१२.१०
बाहेर टपरीवर कटिंग, बारा रुपये. मी विचारतो, गेल्या करारात किती बंदरं झाली? तो बोटं मोजतो. एकवीस. उतरलास किती वेळा? "तीन. त्यातलं एकदा दाताच्या डॉक्टरकडे."

मग तो समजावून सांगतो, पोराला गणित सांगावं तसं. कंटेनरची बोट धक्क्याला लागते चौदा-पंधरा तास. लागताना दोर बांधायला दोन तास, सुटताना दोन. मधे रेशन चढवायचं, स्पेअर पार्ट चढवायचे. सहा तास गँगवेवर ड्यूटी. चोवीस तासांत दहा तास विश्रांती द्यायचा नियम आहे, तो वहीत तरी पाळावाच लागतो. उरलेल्या वेळात शोअर पास आला तर उतरायचं. तो देणारा इमिग्रेशनचा साहेब जेवायला गेलेला असतो. पास आला तर टर्मिनलमधून पायी जाता येत नाही, क्रेन आणि ट्रेलर फिरत असतात, व्हॅनची वाट बघा. गेटपासून गाव पंधरा-वीस किलोमीटर. टॅक्सीवाला चाळीस डॉलर मागतो. "चाळीस डॉलर देऊन काय आणायचं? शाम्पू?"

गल्फच्या तेलाच्या जेट्टीवर तर कोणी विचारतच नाही. अमेरिकेत पूर्वी काही टर्मिनलं खलाशाला गेटपर्यंत सोबत करायचेही पैसे लावत, शेकड्यांनी डॉलर. ते फुकट द्यावं असा नियम तिथल्या कोस्ट गार्डने २०१९ साली केला. आता पैसे पडत नाहीत. पण व्हिसा नसेल तर गेटपर्यंत जायचा प्रश्नच नाही.

गँगवेची ड्यूटी म्हणजे काय ते त्याने उभं राहून दाखवलं. १ जुलै २००४ पासून बंदर-सुरक्षेचे नवे नियम लागू झाले, तेव्हापासून शिडीच्या वरच्या टोकाला एक माणूस चोवीस तास. कोण चढलं, कोण उतरलं, नाव, वेळ, बॅज, सही. एजंट, सर्व्हेअर, सिमकार्ड विकणारा. "सगळ्यांना मीच आत घेतो. सगळ्यांना मीच खाली सोडतो." एवढं बोलून त्याने ग्लास खाली ठेवला.

१.३०
पी. डिमेलो रोडने मस्जिदच्या दिशेला. इंडियन सेलर्स होम. रत्नागिरीकडचा जुना सोबती इथे राहतो, बोटीची वाट बघत. दोघं जेवायला बसतात, मासे नाहीत, डाळ-भात. या वास्तूत पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक आहे. कबर नाही म्हणून इथे नाव. त्या काळी हिंदी खलाशाला वेगळ्या करारावर घेत. पगार गोऱ्यापेक्षा कितीतरी कमी, आणि अट अशी की लंडनला त्याला मोकळं करायचं नाही, परत हिंदुस्थानात आणूनच सोडायचं. सोबत्याला हा इतिहास सांगावा असं मला वाटतं, पण तो फोनवर एजंटला विनवतोय.

३.४५
धोबी तलाव, जेर महाल. गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या राहायच्या खोल्या, इथे एकावर एक. भिंतीलगत पेट्या, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी प्रार्थना. पूर्वी तारवटी, म्हणजे गोव्याचे खलाशी, बोट मिळेपर्यंत महिनोन्‌महिने इथे काढत. आता वर्दळ कमी. एक म्हातारा स्ट्युअर्ड दादाला ओळखतो. त्याच्या वेळी जनरल कार्गोची बोट आठवडाभर धक्क्याला असायची. हॅम्बुर्ग, अँटवर्प, योकोहामा, गल्ल्यांसकट पाठ. दादा गप्प ऐकतो.

मग विषय 'डाली' बोटीवर येतो. २६ मार्च २०२४, ती धडकून बाल्टिमोरचा पूल पडला, पुलावरची सहा माणसं गेली. बोटीवर एकवीस जण, त्यातले वीस आपले. बोट पुलाच्या सांगाड्याखाली अडकलेली. तपासवाल्यांनी फोन नेलेले, शोअर पास नाही. २० मे रोजी बोट धक्क्याला आणली, तरी माणसं वरच. पहिले काही जण घरी निघायला जून उजाडला. कोविडात 'जग आनंद' कोळसा घेऊन चीनच्या जिंगतांगला गेली, जून २०२० मध्ये. तेवीस भारतीय तिथेच अडकले. जानेवारीत जपानच्या चिबाला जाऊन सुटले. म्हातारा म्हणतो, "आमी उतरताले आनी परत येयनाशिल्ले. तुमकां उतरूंकच दिना."

६.४०
लालबाग. पाऊस पुन्हा सुरू. गल्लीत मंडपाचे बांबू उभे राहिलेत, ताडपत्री वाऱ्याने सुटून फडफडतेय. मंडळाची पोरं खाली ओरडतात, "दादा, जरा या ना!" तो शर्ट काढून माझ्याकडे फेकतो आणि वर चढतो. वीस मिनिटं. सुंभाच्या गाठी सोडून नायलॉनचा दोर, कडीत गळफास नव्हे, बोलाइन. बांबूला क्लोव्ह हिच. ओढून बघतो, शरीराचं सगळं वजन टाकून. ताडपत्री ढोलासारखी ताणली जाते. खाली उतरल्यावर पोरं वडापाव देतात. गणपतीत तो नसेल. एकोणीस वर्षांत त्याला चार गणपती मिळालेत.

९.४५
बॅग हुकाच्या काट्याला लावली. चोवीस किलो दोनशे. मर्यादा तेवीस. वहिनी म्हणतात, "अहो, मसाला एक किलो कमी करा." तो ऐकत नाही. बॅगेच्या तळाशी फिरायचे बूट आहेत, चार वर्षांपूर्वी दादरला घेतलेले, एकवीसशेचे. मी उलटे करून बघतो. तळव्याची नक्षी नवीकोरी. सेफ्टी शूज कंपनी देते, ते मात्र दर वर्षी झिजतात.

बूट बाहेर. काटा तेवीस किलो चारशे. चिवड्याचं एक पाकीट बाहेर. बरोबर तेवीस.

११.२५
चाळीखाली टॅक्सी. आईच्या पाया पडणं, दही, पोराच्या डोक्यावर टपली. सगळं दोन मिनिटांत, कारण मागे हॉर्न वाजतायत. मी पुढे बसतो. परळच्या पुलावर ड्रायव्हर आरशात बघत विचारतो, "कुठे, परदेशात?"

"सिंगापूर."

"अरे वा. आमचा मेहुणा जाऊन आला. लई भारी शहर म्हणतो. तुम्ही याआधी गेलाय?"

"सहादा. एअरपोर्टवरून व्हॅन, व्हॅनमधून लाँच. बोट नांगरावर असते."

"मग कसंय?"

दादा काच खाली करतो. पावसाचे शिंतोडे आत येतात. "रात्री दिवे छान दिसतात," तो म्हणतो.