बेरिंबाऊ सांगेल ती गती

ब्राझीलमध्ये १८९०च्या दंडसंहितेनं कापोएरा ही संगीताच्या तालावर खेळली जाणारी लढण्याची कला गुन्हा ठरवली होती. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या वंशजांनी जपलेली ही कला मेस्त्रे (गुरू) बिंबा यांनी १९३२मध्ये साल्वादोरला रीतसर शाळेत आणली, डावांचे ठरावीक क्रम बसवले. मेस्त्रे पास्तिन्या यांनी १९४१पासून जुन्या ‘अंगोला’ शैलीची शाळा चालवली. दोघांच्याही शिकवणीत गाणं-वाजवणं आलंच, आणि या कलेचा प्राण तोच: रिंगणातल्या खेळाची गती बेरिंबाऊ हे एकतारी धनुष्यवाद्य ठरवतं. म्हणून शिष्य लाथ मारायला आणि चुकवायला शिकतो, तसा टाळ्यांचा ठेका धरायला, गायला, वाजवायलाही शिकतो. लाथ पुष्कळदा अंगाला न लागताच परत फिरते. कारण प्रतिस्पर्ध्याला खेळाच्या संवादात ठेवणं महत्त्वाचं. २०१४मध्ये युनेस्कोनं कापोएराच्या या रिंगणाची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.