जुनं स्टेशन नवं कसं करतात?

शिरूर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. त्यामुळे तळेगाव ढमढेरेहून कुणाला गाडी पकडायची असेल तर शिक्रापूर-वाघोली करत पुणं गाठायचं, नाहीतर न्हावऱ्यावरून केडगाव किंवा दौंडकडे उतरायचं, अशा मुख्य दोन वाटा. (रेल्वेच्या यादीत नुसतं ‘तळेगाव’ दिसलं तर हुरळून जाऊ नका. ते चाकणच्या पलीकडचं, दाभाड्यांचं तळेगाव.) या दोन्ही वाटांवर सध्या स्टेशनांची चर्चा आहे. केडगावचं नूतनीकरण होऊन 22 मे 2025 रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. पुणे स्टेशनच्या इमारतीचं उद्घाटन 27 जुलै 1925 चं, म्हणजे तिने शंभरी गाठली आहे आणि तिथली गर्दी तिला कधीच पेलेनाशी झाली आहे.

मग साधा प्रश्न पडतो: स्टेशन नवं करायला इतकी वर्षं का लागतात? दोन मजले चढवायला बिल्डर वर्षभर घेतो, इथे मात्र पत्रे लागतात आणि निघतच नाहीत. आपण हे काम क्रमाने समजून घेऊ. त्यासाठी सगळ्यात अवघड उदाहरण घेऊ, म्हणजे बाकीची सोपी वाटतील. ते म्हणजे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. जुने लोक त्याला अजून व्हीटी म्हणतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आखलेल्या या इमारतीचं काम 1878 मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. 2004 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. नवी दिल्ली, अहमदाबाद आणि हे टर्मिनस अशा तीन स्टेशनांच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 28 सप्टेंबर 2022 रोजी मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज तिन्हींचा मिळून सुमारे 10,000 कोटी रुपये.

पहिलं काम माणसं मोजण्याचं. नुसता रोजचा आकडा उपयोगाचा नसतो. कुठल्या तासाला, कुठल्या दारातून, कुठल्या फलाटाकडे किती जण जातात ते पाहावं लागतं. टर्मिनसवर अठरा फलाट आहेत, सात लोकलचे आणि अकरा लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. लोकलचा प्रवासी स्टेशनात काही मिनिटंच असतो. त्याला बाकडं नको, रिकामी वाट हवी असते. सोलापूरच्या गाडीला निघालेलं कुटुंब मात्र तासभर आधी येतं, सोबत पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि एखादी आजी. या दोन प्रवाहांची वाट एकच ठेवली की दोघांचीही अडचण होते. पुढचा सगळा नकाशा या मोजणीवर उभा राहतो, आणि नेमकी हीच मोजणी घाईत उरकली जाते. सणासुदीचा आठवडा सोडून शांत दिवस मोजले, तर दिवाळीत जिना तुंबणारच.

दुसरं काम जुन्या इमारतीची नोंद. कुठली भिंत मूळची, कुठली मागाहून घातलेली, कुठला लाकडी जिना कुजलाय, कुठल्या कोरीव कामावर कुणीतरी रंगाचे थर चढवलेत, हे सगळं फोटो आणि मापांसह लिहून काढतात. टर्मिनसवरचं बरंचसं कोरीव काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. ते तुटलं तर बाजारात दुसरं मिळत नाही. शिवाय मुंबईत 1995 पासून वारसा वास्तूंसाठी वेगळी नियमावली आहे. नव्या बांधकामाने जुन्या वास्तूचं काय होईल, ती रस्त्यावरून पूर्वीसारखी दिसेल का, याचा अभ्यास आधी करावा लागतो. त्याला वारसा प्रभाव मूल्यांकन म्हणतात. साध्या शब्दांत, शेजारी उंच घर बांधण्याआधी शेजाऱ्याच्या उजेडाचा विचार करणं.

आता दुरुस्ती. इथे सर्वाधिक घोळ सिमेंटने घातला आहे. जुन्या दगडी इमारती चुन्यात बांधलेल्या आहेत. आपल्याकडचे जुने वाडे आठवा, त्यांचाही चुनाच. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांमधल्या चुन्यातून बाहेर पडतं, वाळतं, आणि झिजायचं ते चुनाच झिजतो. त्या सांध्यांत कडक सिमेंट भरलं की ओल कोंडते आणि दगडाच्या तोंडातून बाहेर पडू पाहते. मग दगडाचे पापुद्रे सुटतात. दुरुस्ती केल्याचा फलक तसाच असतो, पण भिंत आधीपेक्षा लवकर खराब होते. म्हणून जाणकार आधी जुनं सिमेंट हलक्या हाताने काढतात आणि मग पुन्हा चुना भरतात. हे काम सावकाशच होतं.

ते नीट केलं तर काय होतं हे पाहायचं असेल तर भायखळा स्टेशनावर उतरा. देशातल्या सगळ्यात जुन्या स्टेशनांपैकी हे एक. त्याचं जतन करून एप्रिल 2022 मध्ये ते पुन्हा सजून उभं राहिलं आणि त्याच वर्षी त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. पण एक फरक लक्षात ठेवू या. भायखळ्याला जतन झालं, म्हणजे जे होतं ते पूर्ववत केलं. पुनर्विकासात जुन्याशेजारी नवं बांधायचं असतं, आणि गर्दीची वाटही बदलायची असते. दोन्हीला लोक ‘सुशोभीकरण’ म्हणतात, तिथूनच अपेक्षांचा गोंधळ सुरू होतो.

नवं कुठे बांधायचं? लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. मूळ इमारत 1852 ची. 2012 मध्ये तिथे नवं कॉनकोर्स खुलं झालं. कॉनकोर्स म्हणजे गाडीत बसण्याआधी थांबायचं, तिकीट-चहा-चौकशी करायचं मोठं दालन. ते त्यांनी जुन्या इमारतीच्या डोक्यावर न बांधता बाजूला बांधलं आणि पुढ्यातलं विसाव्या शतकातलं ठिगळ पाडून जुना दर्शनी भाग मोकळा केला. आपल्याकडच्या बऱ्याच आराखड्यांत मात्र रुळांवर छत टाकून वर दालन करतात. त्याला रूफ प्लाझा म्हणतात. वर बसायचं आणि गाडी लागली की सरकत्या जिन्याने थेट आपल्या फलाटावर उतरायचं.

रूफ प्लाझा पुण्यासारख्या स्टेशनाला शोभतो, कारण तिथे गाड्या आरपार जातात. एक नंबर सोडला तर बहुतेक फलाटांवर जायला पूल चढावा लागतो. मग वरच थांबलेलं बरं. टर्मिनसचं तसं नाही. तिथे रूळ संपतात. रुळांच्या टोकाशी उभं राहिलं की कुठल्याही फलाटावर सपाटीने चालत जाता येतं, एकही पायरी न चढता. माझं मत विचाराल तर टर्मिनसवर ही सोय म्हणजेच खरा वारसा आहे. वरच्या नव्या दालनाच्या नादात ती हिरावली गेली, तर संगमरवर कितीही घाला, गुडघेदुखीच्या माणसाचं स्टेशन बिघडलंच.

आराखडा ठरला की जमिनीखाली जावं लागतं. शंभर-दीडशे वर्षांत तिथे पाण्याच्या नळांवर गटारं, गटारांवर विजेच्या तारा आणि त्यावर सिग्नलच्या केबली अशी दाटी झालेली असते. जुना नकाशा एक सांगतो, खड्ड्यात निघतं दुसरंच. म्हणून पायाचे खड्डे घेण्यापूर्वी जागोजागी हाताने लहान चर खणून पाहतात. ही पायरी टाळून थेट जेसीबी घातला की केबल तुटते. सिग्नलची रचनाच अशी असते की बिघाड झाला तर तो लाल होतो. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. पण मग त्या मार्गावरच्या गाड्या थांबतात, आणि ‘तांत्रिक कारणामुळे’ ही घोषणा आपल्याला ऐकू येते.

यानंतरची पायरी सगळ्यात कठीण, आणि उशिराचं खरं कारणही हेच. स्टेशन बंद करता येत नाही. मुक्कामाला पाहुणे असताना घराची कौलं उतरवावीत, तसं हे काम. रेल्वेत कामासाठी वेळ मागून घ्यावा लागतो, त्याला ब्लॉक म्हणतात. ठरलेल्या तासांसाठी एखादा मार्ग गाड्यांना बंद ठेवायचा. वर तारांमध्ये 25,000 व्होल्टची वीज असते, म्हणून पुलाचा गर्डर चढवायचा तर वीजपुरवठाही तेवढा वेळ तोडावा लागतो. असा ब्लॉक रात्री दोन-चार तासांचा मिळतो. त्यातला काही वेळ साहित्य आणण्यात, काही ते हलवण्यात जातो, उरलेल्यात काम. एका रात्री क्रेन उशिरा आली तर पुढच्या ब्लॉकची वाट पाहायची.

मोठं काम असेल तर मोठा ब्लॉक. मे 2024 च्या अखेरीपासून 2 जूनपर्यंत मध्य रेल्वेने टर्मिनसवर 36 तासांचा आणि ठाण्यात 63 तासांचा ब्लॉक घेतला. टर्मिनसवर दहा आणि अकरा नंबरचे फलाट 24 डब्यांच्या गाडीसाठी लांब करायचे होते, ठाण्यात पाच-सहा नंबरचा फलाट रुंद करायचा होता. शेकडो लोकल रद्द झाल्या आणि लोक वैतागले. पण ठाण्यात कारखान्यात आधीच घडवलेले काँक्रीटचे ठोकळे आणून बसवले, म्हणून ते काम एवढ्या वेळात झालं. जागेवर ओतकाम करत बसले असते तर महिने गेले असते.

फलाट लांब करणं म्हणजे फरशी वाढवणं एवढंच नाही. रूळ सरकवावे लागतात, मग सांधे (गाडी जिथे एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ते) आणि सिग्नलही. एका गाडीला वाट दिली की तिला छेदणारी दुसरी वाट आपोआप बंद होते, या व्यवस्थेला इंटरलॉकिंग म्हणतात. रुळांची रचना बदलताना ती काही काळ सोडवावी लागते. तेवढ्या काळात सांधे हाताने कुलूपबंद करून गाड्या अगदी हळू सोडतात. पुण्याचं दुखणं नेमकं इथे आहे. फलाट सहा, काही तोकडे, आणि रुळांचं जाळं म्हणजे यार्ड जुनं. यार्डाचा फेरबदल कितीतरी वर्षं कागदावर आहे. दर्शनी इमारत धुऊन-पुसून दिवे लावले तरी फलाटासाठी बाहेर ताटकळणारी गाडी आत येणार नाही. आधी यार्ड, मग दर्शनी भाग, असा क्रम मला तरी योग्य वाटतो. फोटो मात्र दर्शनी भागाचाच छापून येतो.

पूल आणि जिने हा जीवनमरणाचा विषय आहे. 29 सप्टेंबर 2017 रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. पाऊस होता, लोक जिन्यावर आडोशाला थांबले, मागून गाड्यांमागून गाड्यांची गर्दी येत राहिली, आणि जिना अरुंद. त्यानंतर लष्कराच्या मदतीने तिथे नवा पूल उभा राहिला. नवा पूल आखताना म्हणूनच रुंदीइतकंच महत्त्व जिना कुठे उतरतो याला असतं. वर बारा मीटर रुंद पूल आणि खाली जिन्याच्या तोंडाशी वडापावचा स्टॉल, असं झालं की रुंदी वाया.

फलाटाच्या उंचीचीही एक गंमत आहे. फलाट एकदा डब्याच्या दाराला जुळवून उंच केला, तरी काही वर्षांनी तो पुन्हा खाली गेल्यासारखा वाटतो. फलाट खचलेला नसतो. रुळांखालची खडी दाबून-भरून नीट करताना रूळच थोडे थोडे वर येतात. हे लक्षात ठेवून वेळोवेळी मोजमाप घेतलं नाही तर फट वाढत जाते.

फलाटाच्या कडेच्या पिवळ्या फरशा शोभेच्या नसतात. उभ्या रेघांची फरशी म्हणजे ‘चालत राहा’ आणि ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा’, अशी ती न दिसणाऱ्यांसाठी पायाने वाचायची खूण आहे. त्यावर पार्सलचे गठ्ठे ठेवलेले दिसले तर जरूर हटकावं.

शेवटी स्टेशनबाहेरचा रस्ता. रिक्षा, बस, खासगी गाड्या यांच्या रांगा वेगळ्या नसतील तर आतलं सगळं व्यर्थ. पण इथे रेल्वेची हद्द संपते आणि महापालिकेची सुरू होते, त्यामुळे काम अडकतं. पुण्यात मेट्रोने थोडी सुटका केली आहे. 6 मार्च 2024 पासून ती नगर रस्त्यावरच्या रामवाडीपर्यंत धावते आणि पुणे स्टेशनला थांबते. शिक्रापूरकडून येणाऱ्याने रामवाडीला उतरून मेट्रो धरली तर येरवडा ते स्टेशन ही कोंडी टळते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पुण्यावरचा भार कमी करण्यासाठी काही गाड्या हडपसरहून सुटतात, आणि ब्लॉकच्या दिवसांत आणखीही बदल होतात. तेव्हा घरातून निघण्यापूर्वी तिकिटावरचं सुटण्याचं स्टेशन आणि आदल्या रात्री आलेला संदेश दोन्ही वाचा. वाघोलीत पोहोचल्यावर कळून उपयोग नाही. स्टेशनात लिफ्ट बंद दिसली, दिवा नसला, नळ कोरडा असला तर 139 वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.